उबपेटीचा झगा

एका जंगलात त्या दिवशी अशी थंडी पडली, की ओढ्यातल्या बेडकानं ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. दवाचे थेंब गवतावरून खाली पडायला तयार होईनात. सूर्यानं धुक्याच्या गोधडीतून एक डोळा बाहेर काढला, इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा आत घेतला. आता सूर्यच असं करायला लागला तर बाकीच्यांनी काय करावं?

आणि नेमकी त्याच दिवशी धोंडीनाना कासवांची उबपेटी बंद पडली.

उबपेटी म्हणजे काय ते आधी सांगतो, बाळांनो. घाई करू नका. गोष्ट कासवाची आहे, ती कासवाच्याच चालीनं जाणार.

उबपेटी म्हणजे एक पत्र्याची पेटी. कळ दाबली की ती गुरगुरायची. पुढच्या जाळीतून ऊब सोडायची आणि मागच्या भोकांतून श्वास घ्यायची. बास, एवढंच. ना लाकूड, ना धूर. नानांनी ती दिवाळीत आणली होती, आणि ती काही हौस म्हणून नव्हे.

मागच्या थंडीत नानांच्या घरी नऊ अंडी होती. बिळातल्या वाळूत त्यांच्या बायकोनं, यमुनाकाकींनी, ती किती जपून ठेवली होती. पण थंडी वाळूत उतरली आणि नऊतलं एकही अंडं फुटलं नाही. यमुनाकाकी तेव्हा आठ दिवस पाठीच्या ढालीतून डोकंच बाहेर काढत नव्हत्या. नाना नुसते शेजारी बसून राहिले. दुसरं काय करणार?

यंदा अकरा अंडी होती. फुटायला आता चार-पाच दिवसच राहिले होते. म्हणून ती पेटी.

तर त्या सकाळी पेटी गप्प. नानांनी कळ दाबली. पुन्हा दाबली. पेटीनं हूं की चूं केलं नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. त्या जंगलात नवी वस्तू कधी उघडी ठेवत नसत. वस्तू घरी आली की तिला हळदकुंकू लावायचं, तिच्यापुढं नारळ फोडायचा आणि तिला झाकायचं. तिथल्या सुगरण पक्ष्याचं नवं घरटंसुद्धा पहिली दोन वर्षं कागदातच असे. पण नानांची पेटी दिवाळीपासून उघडीच होती, आणि यमुनाकाकींना त्याची भारी लाज वाटे. म्हणून त्यांनी लोकरीचा एक झगा विणायला घेतला. जाड, लाल, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत. वर 'सुस्वागतम्', आणि कडेनं ओळीनं अकरा छोटी कासवं. अंड्यागणिक एक. आदल्याच संध्याकाळी झगा पुरा झाला आणि काकींनी तो पेटीला घातला.

तुमच्या लक्षात आलं ना? येऊ द्या. पण गप्प बसा. नानांना अजून कळायचं आहे.

तेवढ्यात शेजारची हौसाक्का रानकोंबडी विरजण मागायला आली. तिनं पेटीकडं पाहिलं. मान एका बाजूला करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला करून पाहिलं.

"नाना, तो झगा काढा तिचा. जीव कोंडलाय तिचा."

नाना हसले. मायेनंच हसले. "अक्का, हे यंत्राचं काम आहे. ते काय पोरगं आहे का, झबलं काढलं की रडायचं थांबायला? याला जाणकार लागतो."

"लागू द्या बाई," हौसाक्का म्हणाली आणि विरजण घेऊन गेली.

नाना तक्रार करायला निघाले. उबपेट्या विकणाऱ्यांचं ठाणं उंबराच्या झाडावर होतं. उंबर तसा जवळच. सशाला दोन उड्या. नानांना मात्र सकाळची दुपार झाली.

ठाण्यावर एक पोपट होता.

"आपलं स्वागत आहे. आपली तक्रार आम्हांला फार मोलाची आहे. आपल्या पुढं तिघं आहेत."

नानांनी पुढं पाहिलं. मागं पाहिलं. "इथं मी एकटाच आहे की, बाबा."

"आपल्या पुढं तिघं आहेत," पोपट म्हणाला आणि शीळ घालू लागला. शीळ गोड होती, पण एकच होती. तीच ती ऐकून नानांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पोपट म्हणत होता, "बोला."

"पेटी बंद आहे."

"एकदा बंद करून चालू करा."

"बंदच आहे."

"मग आधी चालू करा, म्हणजे बंद करता येईल."

"ती चालू होत नाही म्हणून तर आलो."

पोपटानं मान हलवली. असल्या अडाणी गिऱ्हाइकांची त्याला सवय असावी. "जाणकार पाठवतो. अर्ध्या तासात पोचेल."

जाणकार तिसऱ्या दिवशी पोचला. दोन दिवस नाना काय करत होते म्हणता? ते अंड्यांवरच्या वाळूवर पोट टेकून बसले होते. आपली ऊब द्यायला. पण कासवाकडं कुठली आलीय ऊब? दगडावर दगड ठेवल्यासारखंच ते. यमुनाकाकी समोर बसून झग्यावरची कासवं मोजत. अकरा भरली की पुन्हा पहिल्यापासून.

जाणकार म्हणजे भिकोबा वानर. डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी. पिशवीत काय होतं ते शेवटपर्यंत कुणी पाहिलं नाही, पण ती वाजत होती.

"जपून हं भाऊ," काकी म्हणाल्या. "टाके उसवतील."

भिकोबानं झगा उतरवला, घडी करून बाजूला ठेवला. पेटीला तीन थपडा मारल्या. कान लावला. कळ दाबली. पेटी गुरगुरली.

"झालं!" नाना म्हणाले. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. "काय झालं होतं हो?"

"हिची उलटबाजू सुलट झाली होती."

"अगं बाई!" काकी म्हणाल्या.

"वेळेवर बोलावलंत म्हणून. नाहीतर सुलटबाजूच गेली असती."

भिकोबा चहा प्याला, सहा केळी खाल्ली, दोन पिशवीत टाकली आणि गेला. काकींनी पेटी पुसली, हात जोडले आणि झगा घातला.

अर्ध्या घटकेत पेटी गप्प.

ओरडू नका, बाळांनो. तुम्ही इथं ओरडून तिथं ऐकू जात नाही.

नाना पुन्हा उंबराकडं. पुन्हा शीळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिकोबा. झगा काढला, थपडा मारल्या, पेटी चालली.

"आता काय झालं होतं?"

"काल सुलटलेली पुन्हा उलटली. थंडीत होतं असं."

पुन्हा केळी. पुन्हा झगा. पुन्हा गप्प.

या वेळी नानांना ठाण्यापर्यंत जावं लागलं नाही. भिकोबा अजून दारातच केळं सोलत होता. तो गंभीर झाला. "आता हे मोठ्या साहेबांचं काम," असं म्हणाला आणि भर दुपारी मोठ्या साहेबांना घेऊन आला. साहेब म्हणजे घुबड. बाहेर धुकं फाटून लख्ख ऊन पडलं होतं. साहेबांनी दारात उभं राहून डोळे मिचकावले, झग्यावर पंख फिरवला आणि म्हणाले,

"मला इथं काहीही दोष दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे नसणारच," भिकोबा म्हणाला. आणि दोघं गेले.

आता नाना साधे असले तरी त्यांना एवढं कळलं, की साहेबांच्या वर कुणी नाही. ते वाळूशी गेले. एक अंडं थोडं उघडं पडलं होतं. त्याला गाल लावून पाहिला. गार होतं. अगदी मागच्या साली होतं तसं गार.

"अहो," यमुनाकाकी हळूच म्हणाल्या, "काय वाटतंय?"

नानांनी गाल तसाच अंड्याला लावून ठेवला. काकींनी डोकं आत घेतलं.

तेव्हाच दारात आवाज आला. "वहिनी, तुमचं विरजण परत करायला आले हो." हौसाक्का आत आली. तिनं नानांकडं पाहिलं, काकींच्या ढालीकडं पाहिलं, अंड्याकडं पाहिलं. विरजणाची वाटी खाली ठेवली.

"सरका," ती म्हणाली.

"अहो अक्का, ही कासवाची अंडी..."

"अंडं ते अंडं. आत कोण आहे ते बाहेर आल्यावर विचारू. सरका म्हणते ना!"

तिनं पायांनी वाळू उकरली, पिसं फुलवली आणि अकराच्या अकरा अंडी पोटाखाली घेऊन बसली. पण वाळू अशी गार, की बसल्या बसल्या तिची चोच वाजायला लागली. कट कट कट. ती उठेना. नुसती चोच वाजे.

यमुनाकाकींनी डोकं बाहेर काढलं. ऐकलं. मग त्या उठल्या, पेटीजवळ गेल्या, क्षणभर थांबल्या आणि झगा ओढून काढला. ओढताना दोन टाके तटतटा उसवले, पण त्यांनी तिकडं पाहिलं नाही. तो जाड, लाल, अकरा कासवांचा झगा त्यांनी हौसाक्काच्या पाठीवर घातला आणि चारी बाजूंनी नीट दाबला.

"आमच्यापायी गारठाल हो, अक्का."

आणि मागं पेटी गुरगुरली.

कळ दाबलेलीच होती ना, बाळांनो. भिकोबानं दाबल्यापासून दाबलेलीच होती.

ऊब बिळात पसरली. वरून ऊब, खालून ऊब, मध्ये हौसाक्का. तिसऱ्या दिवशी सकाळी झग्याखाली टक झालं. मग टकटक. दहा पिल्लं एकामागून एक बाहेर आली. अकरावं दुपारी आलं, आणि कासवाच्या रीतीनं पाहिलं तर तेही जरा लवकरच. काकी त्यांना मोजत बसल्या. अकरा भरली की पुन्हा पहिल्यापासून. पण या वेळचं मोजणं निराळं होतं.

पिल्लांनी डोळे उघडून आधी हौसाक्काला पाहिलं, त्यामुळं ती तिच्याच मागं चालू लागली. दोघं-तिघं तर वाळू उकरायलाही शिकली.

आणि धोंडीनानांनी खूप विचार केला. सावकाश, दोन दिवस केला. मग त्यांना कळलं.

"अगं," ते काकींना म्हणाले, "पेटीजवळ कोंबडी बसली की पेटी चालते."

ही गोष्ट जंगलभर झाली. भिकोबा वानर धावत आला आणि सगळं पिंपळाच्या पानावर उतरवून घेऊन गेला. पोपट नवं वाक्य शिकला: "पेटीजवळ एकदा कोंबडी बसवून बघा." पुढच्या महिन्यात उबपेटीसोबत एक कोंबडी मिळू लागली. गिऱ्हाईक आधी कोंबडीला झगा घाली, म्हणून पेट्या नीट चालत. साहेबांनी पुन्हा तपासणी केली आणि त्यांना पुन्हा काही दोष दिसला नाही.

एवढं झाल्यावर एका सकाळी नाना शेजारी गेले. म्हणाले, "अक्का, तुम्हांला आधी एवढं ठाऊक होतं, तर पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

तात्पर्य: सांगणारा शहाणा असून भागत नाही. म्हणून मी माझं तात्पर्य सांगत नाही. हौसाक्का धोंडीनानांना जे म्हणाली, तेच ठेवून घ्या:

"चुकलंच हो माझं, नाना. पुढच्या खेपेला मी तीन दिवस उशिरा येईन, टोपी घालून येईन, आणि तुम्हांला काही म्हणजे काही कळणार नाही असंच बोलेन."