औषध कुणाला?

शिवगोंडाअण्णांच्या द्राक्षबागेतले सूक्ष्मजीव सोमवारी सकाळी बाग सोडून निघाले, आणि रीतीला धरून निरोप घ्यायला आधी ओसरीवर आले.

दिसत कुणीच नव्हतं. फरशीवर ओल पसरली आणि नांगरलेल्या रानाचा वास सुटला, एवढंच. अण्णांनी चष्मा लावून पाहिला, काही उपयोग नाही म्हणून काढून ठेवला, आणि पाहुण्यांपुढे तांब्या ठेवला. पाणी द्यायला घरात दुसरं कोण होतं? बायको, चन्नव्वा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्यातल्या चालीप्रमाणे तिला बागेच्या कोपऱ्यातच माती दिली होती, आणि तिच्या शेजारची जागा अण्णांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती.

“काय कमी पडलं हो?” अण्णांनी विचारलं. “खत घातलं, पाणी सोडलं, न चुकता औषध मारलं.”

“त्येच इचारायचं हाय, शिवगोंडा,” ओलीतून म्होरक्या बोलला. तो अण्णांच्या आजोबांच्या शेणखतातून आलेला, म्हणजे वडीलधाराच. “औषध कशाचं? आजारी कोण हुतं?”

“वेलीवर भुरीची बुरशी पडती की.”

“मग आमच्या घरात का वतलंस? आमी म्हटलं, मालक औषध देतोय, गुणाचंच आसंल. समद्यांनी घेतलं. निम्मी आळी मरून गेली. काही पोरं त्याच्यावरच जगाय शिकली, ती ऱ्हातील हितं. पर त्यास्नी पाला कुजवाय येत न्हाई.”

अण्णांना फार वाईट वाटलं. दुकानदार औषध म्हणायचा, गडी औषध म्हणायचा, तेही जन्मभर औषधच म्हणत आले. विष म्हणून मागायची वेळ आली असती, तर हात नक्की अडखळला असता.

“आजपास्नं बंद करतो,” ते म्हणाले. “ऱ्हावा.”

“बंद कर जरूर. पर बिऱ्हाड हाललंय. वड्याच्या पडक्या बांधावर जागा बघितलीया.”

निघालेल्याला अडवू नये. अण्णांनी आतून दही आणलं. हात कुणाला नव्हते, म्हणून चमचाभर फरशीवरच ठेवलं.

“ह्ये तर आमचंच सोयरं,” म्होरक्या म्हणाला. थोडा घुटमळला. “सूनबाई, तुझी चन्नव्वाबी येतीया आमच्यासंगं. कवाच मिसळलीया ती आमच्यात.”

अण्णांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, “काय म्हणाली?”

“तुझी जागा वड्याकडं बघ, म्हणाली. हितं माती द्यायला माती ऱ्हायली न्हाई.”

ओल पायरी उतरली आणि अंगण ओलांडून गेली. अण्णा चपला हातात घेऊन, कुणी पायाखाली येऊ नये म्हणून कडेकडेनं, वेशीपर्यंत पोचवायला गेले.

परतल्यावर त्यांनी बागेला पाणी सोडलं. पाणी चन्नव्वाच्या कोपऱ्यापर्यंत गेलं. ते उभे राहिले, वाकले, पुन्हा वाकले. मातीला वास आला नाही. त्यांनी मोटर बंद केली आणि फावडं घेऊन ओढ्याकडे जागा बघायला गेले.