सिनेमा, परवा

आवक-जावक विभागाच्या मोठ्या कारकुनांनी त्या शुक्रवारी एक क्रियापद वाचवलं आणि भरला संसार पणाला लावला.

बावीस वर्षांपूर्वी, लग्न ठरल्यावर, दोघांनी एक भुताचा विनोदी सिनेमा पाहिला होता. शेवटी पाटी आली, 'लवकरच, भाग दुसरा'. तेव्हा हे ऐटीत म्हणाले होते, "तोही आपण दोघांनीच बघायचा." त्या 'लवकरच'मध्ये त्यांची मुलगी जन्माला येऊन कॉलेज संपवून बसली. अखेर सिनेमा लागला, पण आठवडाभर तिकीट मिळेना आणि बायको रोज विचारून जीव खाई.

शुक्रवारी ऑफिसात बसल्याबसल्या त्यांना रविवारची तिकिटं मिळाली. फायलींवर शेरे मारून मारून क्रियापद ही त्यांना चैन वाटे (लग्नाआधीची पत्रंसुद्धा 'प्रकृती ठीक. आठवण भरपूर.' अशीच). त्यांनी बायकोला मेसेज धाडला, "भाग दुसरा. परवा. दोन तिकिटं, कोपऱ्यातली."

आता परवा म्हणजे येणारा रविवार, तसाच गेलेला बुधवारही. आणि बुधवारी हे 'ऑडिट आहे' म्हणून उशिरा घरी आले होते.

"बरोबर कोण?" बायकोने विचारलं.

या वयात हा लाडिकपणा बघून ते सुखावले. "ओळख," त्यांनी लिहिलं.

"सिनेमा कसा?"

"झकास." (हे त्यांनी पेपरात वाचलं होतं.)

संध्याकाळी घराला कुलूप. तासाभराने बायको तिच्या बहिणीबरोबर आली.

"आले सिनेमा बघून, ब्लॅकने तिकिटं काढून," ती म्हणाली. "बावीस वर्षं तुमच्यासाठी थांबले, मीच मूर्ख."

"अगं, परवा म्हणजे रविवारी!" त्यांनी तिकिटं पुढे केली.

मेहुणीला एकाएकी घरचा गॅस चालू राहिल्याचं आठवलं. बायको तिकिटं उलटसुलट करत राहिली.

"मग 'जाऊ' लिहिताना बोटं झिजली असती का?"

रागावायचं कुणी कुणावर, हे ठरेना.

रविवारी तिने कबूल केलं, की गोष्ट फोडणार नाही. फोडली नाहीच. फक्त प्रत्येक विनोदाच्या क्षणभर आधी हसत राहिली. हे दातओठ खात पडद्याकडे बघत होते, तेवढ्यात तिथल्या अंधाऱ्या जिन्यावर पांढरं काहीतरी हललं. मोठे कारकून किंचाळले आणि त्यांनी बायकोचा दंड धरला. पुढची अख्खी रांग वळून बघू लागली.

"सोडा," बायको शांतपणे म्हणाली. "तो वॉचमन आहे. भूत अजून यायचंय."