नाव खाली आहे!

उंटाला फोटोत हसायला सांगून उपयोग नसतो.

सांगलीतल्या एका भिंतीवर नक्षीदार चौकट टांगलेली आहे. काच आहे, पुठ्ठा आहे, फोटो नाही.

मोरपंखी साडी, वर्तमानपत्रात गुंडाळून, बॅगेच्या तळाशी.

ऊन चढले की बनारसचा मलइयो, म्हणजे दुधाचा गोड केशरी फेस, संपतो. कुणी खाऊन नव्हे, आपोआप.

फोटो १ ते ४०: धुके.

“हिंदीचं माझ्यावर सोड!”

“सोडलं,” सुनीती म्हणाली.

तर हे शेवटचे वाक्य बोलून सुनीती नावेत बसली, आणि रत्नाकरला वाटले, आज आपण जिंकलो!

जिंकणे भागच होते. तीस वर्षांत त्याने बायकोचे हजारो फोटो काढले होते. एकात डोळे मिटलेले, दुसऱ्यात जांभई, तिसऱ्यात नेमकी शिंक. अंदमानच्या सहलीत तर समुद्र, नारळ, गाईड, गाईडची टोपी, सगळे कसे लख्ख आले होते. सुनीतीचा तेवढा कान आला होता! लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी तिने ती रिकामी चौकट भिंतीवर टांगली आणि जाहीर केले, “काशीहून येताना हिच्यात बसवायला माझा एक धड फोटो आणायचा. नाही जमला, तर कॅमेरा शेजारच्या विश्वजीतला देऊन टाकायचा. त्याला काढता येतो.”

त्याला काढता येतो! रत्नाकर त्या रात्रीपासून कॅमेरा उशाशी घेऊन झोपू लागला.

काशीत मुक्काम दूधविनायकला, दूरच्या नात्यातल्या काशीनाथकडे. सात पिढ्या काशीत गेल्यामुळे काशीनाथचे मराठी गंगेच्या पाण्याने पातळ झाले होते. “अरे रत्नाकर, उस पार जाऊन काय करणार तू?” तो म्हणाला. “रेतीवर आजकल इतकी भीड असते की बस्स! उंट, घोडे, चहावाले. मी बरोबर येऊ काय? मल्लाहाशी बात करायला?”

“काशीदादा, मी ड्राफ्ट्समन म्हणून तीस वर्षं नोकरी केली. उत्तरेतले चार साहेब सांभाळलेत. हिंदी म्हणजे काय, मराठीच. फक्त शेवटी ‘है’ लावायचं!”

शिंदे घाटाच्या पायऱ्यांशी बचाऊ मल्लाहाची नाव मिळाली. बचाऊ साठीचा, ताडासारखा उंच, आणि खरीखुरी वल्ही मारणारा. वीस मिनिटांत पलीकडची रेती आली. हिवाळ्यात गंगा आटली की हे वाळूचे बेटच उघडे पडते आणि त्यावर जत्रा भरते! एक घोडा उधळला होता, दोन नवऱ्या मुली पोज देत होत्या, आणि एक माणूस उंटाशी भांडत होता. उंट जिंकत होता.

रत्नाकरने योजना आखलेली होती. सुनीती नावेतच बसेल, मागे घाटांची ओळ, वर कोवळे ऊन. आपण रेतीवरून टिपायचे. तो उतरला, पाच पावले मागे गेला आणि डोळा लावला.

फोटो ४१: सुनीती. तिच्या डोक्यातून उगवलेला बचाऊ.

बचाऊ मागच्या टोकाला वल्हे धरून उभा होता. खांबासारखा! रत्नाकरने हात हलवला. “भैया! खाली!”

“खाली?” बचाऊने विचारले.

“हाँ, हाँ! खाली, खाली!”

“पूरी खाली, बाबूजी?”

“पूरी! एकदम खाली!”

बचाऊने सुनीतीकडे पाहिले. सुनीतीने पदर सारखा केला आणि घाटांकडे पाहू लागली. मग बचाऊ वाकला नाही, बसला नाही. त्याने तोंडापुढे हाताचा कर्णा केला आणि साऱ्या रेतीला ऐकू जाईल असा ओरडला, “नाव खाली है! खाली है! आओ भाई, घाट चलो!”

नेमका त्याच क्षणी रत्नाकर लेन्स बदलायला बॅगेत वाकला होता. लेन्स बदलणे हे त्याच्या मते शस्त्रक्रियेसारखे काम. त्यात इकडेतिकडे पाहायचे नसते. तो मान वर करेपर्यंत जबलपूरहून आलेल्या चौदा बायका नावेत चढल्या होत्या.

फोटो ४२: चौदा साड्या. पंधरावी मोरपंखी, अर्धी.

“अहो! ही आमची नाव है!” रत्नाकर पाण्यात धावला. “सुनीती! उतर! भैया, रुको! खाली! खाली!”

“खाली नाहीं बा अब, बाबूजी!” बचाऊ लांबून ओरडला. “भर गयी!”

सुनीतीने हात हलवून निरोप दिला. आगगाडीतून देतात तसा. तिच्या पर्समध्ये त्याचा फोन होता, पाकीट होते आणि घराचा पत्ता लिहिलेला कागदही होता.

रत्नाकर वाळूवर मटकन बसला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बायको गेलेली, कॅमेरा जाणार! समोर विश्वजीत दिसू लागला. हात पुढे करून.

तेवढ्यात एक माणूस जवळ आला. मागे त्याचे अख्खे कुटुंब, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत अकरा जण. त्याने कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारले, “भाई साहब, आप खाली हैं?”

रत्नाकरने स्वतःकडे पाहिले. वाळूवर बसलेला माणूस आणखी कुठे असणार! “हाँ, खाली ही हूँ,” तो कळवळून म्हणाला. “ऊपर कहाँ जाऊँगा?”

“बहुत बढ़िया! अम्मा, फोटोवाला मिल गया! खाली बैठा था!”

पुढचा पाऊण तास रत्नाकर बलियाहून आलेल्या त्या कुटुंबाचा अधिकृत छायाचित्रकार होता. बदल्यात त्यांच्या नावेतून परत न्यायचे ठरले. शेवटी अम्मांना उंटावर चढवले. रत्नाकर उभ्यानेच टिपू लागला, तशा त्या वरून कडाडल्या, “ए भइया! तनी नीचे बइठ के खींचा! नीचे!”

नीचे!

रत्नाकर गुडघ्यांवर बसला. फोटोसाठी अर्धा आणि त्या शब्दासाठी अर्धा. नीचे! हा शब्द त्याला चांगला ठाऊक होता. लहानपणापासून ठाऊक होता. सकाळी तेवढा घरी राहिला होता!

फोटो ६८: अम्मा, उंट, आभाळ. तिघेही डोळे उघडे ठेवून.

दूधविनायकला विचारत विचारत पोहोचला तेव्हा सुनीती काशीनाथच्या बायकोबरोबर, अन्नपूर्णा वहिनींबरोबर, मलइयोचा दुसरा कुल्हड संपवत होती. काशीनाथ फोन हातात धरून हसत होता. “रत्नाकर, ये, ये! काय गजब फोटो आला आहे सुनीतीचा!”

रत्नाकरने फोन घेतला. आपलाच फोन. फोटोत सुनीती वल्हे मारत होती. दोन्ही हातांनी, पदर खोचून, मान मागे टाकून हसत. मागे चौदा बायका टाळ्या वाजवताहेत. ऊन नेमके तिच्या गालावर. क्षितिज सरळ! खूप दूर, कोपऱ्यात, गुडघाभर पाण्यात एक ठिपका दोन्ही हात वर करून उभा.

“कुणी काढला?”

“बचाऊंनी. म्हणाले, तुम्ही वल्हं धरा, मी खींचतो.”

रत्नाकरने फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. चूक सापडेना. त्याला राग यायला हवा होता. पण तीस वर्षांत ही बाई अशी हसताना त्याला कॅमेऱ्यातून एकदाही दिसली नव्हती. तो पाहतच राहिला.

“छान आलाय,” तो शेवटी म्हणाला. “कॅमेरा... म्हणजे, फोनही माझाच आहे तसा.”

“तेवढ्यावर कॅमेरा वाचला,” सुनीती म्हणाली.

“फक्त कोपऱ्यातला तो ठिपका कापून टाकतो. नजर तिकडे जाते.”

“राहू द्या हो. नाहीतर मी कुणाला हसतेय ते कसं कळायचं?”

वहिनींनी तिसरा कुल्हड त्याच्यापुढे ठेवला. त्यात पिवळे पाणी होते. त्याने ते चवीने प्यायले.

सुनीतीने सांगलीत मुलींच्या एका शाळेत सत्तावीस वर्षे हिंदी शिकवले.