एकतिसावा प्रोग्रॅम

आमचं छोटं ऑफिस जयेंद्रगंजच्या मोठ्या ऑफिसात विलीन झालं, तेव्हा सामान हलवताना मोघे सरांनी एका मोडक्या खुर्चीवर कागद चिकटवला : 'ही खुर्ची काढायची आहे. हिच्यावाचून कोणाचं अडत असेल, तर आठवड्याच्या आत कळवावे.'

आम्ही पोट धरून हसलो. तिसऱ्या दिवशी चहावाला रामसेवक आला. "साहब, हम तो इसी पे ट्रे रखते हैं."

"बघा!" सर म्हणाले. रामसेवकसाठी स्टूल आलं, मगच खुर्ची गेली.

"भई जाधव, आधी पूछताछ, मग तोडफोड," असं ते मला नेहमी सांगत. घरातही तेच. वहिनी म्हणत, "लग्नाआधी मीही जरा पूछताछ केली असती, तर वाचले असते."

ही सवय त्यांना लिनक्समुळे लागली, की सवयीमुळे ते लिनक्सच्या नादी लागले, कोण जाणे. जगभरची माणसं विनामोबदला मिळून सांभाळतात, अशा लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या एका संचाचं काम सर संध्याकाळी करत. काही तयार कोड अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात, त्याला लायब्ररी म्हणतात. तिची नवी आवृत्ती आली की तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्रॅम नव्याने बांधावे लागतात. शेवटचा हलेपर्यंत जुनी काढता येत नाही, आणि तोवर बाकीचेही अडकून राहतात. या हलवाहलवीचे सर मुकादम. मी दतिया या छोट्या गावचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. मला त्यांनी शेजारी बसवून हे सगळं शिकवलं. ते ऋण मोठं आहे.

मुकादम मात्र कडक. पोर्तुगालहून एक प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याने लिहिलं, मुलगी आजारी आहे, थोडी मुदत द्या. सरांचं उत्तर : 'मुलीला आशीर्वाद. मंगळवारपर्यंत.'

एका खेपेला एकतीस प्रोग्रॅम हलवायचे होते. तीस हलले. एकतिसावा, ईमेलवरून बुद्धिबळ खेळायचा एक म्हातारा प्रोग्रॅम, नव्या लायब्ररीवर काही केल्या उभा राहीना. लिहिणाऱ्याने तो कधीच वाऱ्यावर सोडला होता. सगळे म्हणाले, काढून टाका. सरांनीच बाकीच्यांकडे मुदत मागितली. आठवड्याने पुन्हा मागितली. मी चाट पडलो.

"सर, हा वापरतं तरी कोण?"

"दोघं."

"कोण दोघं?"

"मी. आणि जबलपूरचे दादा."

थोरल्या भावाशी सरांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. भांडण कशावरून, ते विचारलं तर म्हणाले, "आता मलाही नीट आठवत नाही रे." पण डाव चालू होता. आठवड्याला एक चाल जायची, एक यायची. शब्द एकही नाही.

"मग दुसरा प्रोग्रॅम घ्या ना. ढिगाने आहेत."

"घेतला असता. पण तसं त्यांना कळवावं लागेल ना!"

परमुलखातल्या तीस अनोळखी माणसांना बेधडक लिहिणारा माणूस हे म्हणत होता. मला हसू आलं, पण त्यांच्याकडे पाहून हसवलं नाही.

शनिवारी सरांनी स्वतःच एकतिसावा काढायचा हुकूम दिला. तीस जणांना किती अडवणार? मग ईमेल उघडून बसले. 'ती. दादांस' लिहायचं, पुसायचं. रामसेवकचा चहा दोनदा गार झाला. शेवटी तीन ओळी गेल्या : 'आपला प्रोग्रॅम बंद होतो आहे. चाल अशीच लिहून पाठवावी. पाळी तुमची आहे.'

सोमवारी सरांनी मला हाक मारली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

'उंट ई-चार. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना?'

सरांच्या त्या ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली होती.

सरांनी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. "उंटाचं मी पाहतो," ते म्हणाले. "पण जाधव, त्याच्या पुढचं आहे ना, त्याला काय लिहितात रे?"