वहिनींनी पेटवलेली कलाकृती

येत्या रविवारी धसईचं नाव मुंबईच्या कलाजगतात गाजणार, असं कमळाकर सरांनी बाजारात चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं. सर मूळचे इथलेच, पण मुंबईच्या कला महाविद्यालयात प्राध्यापक. चित्र काढण्यापेक्षा त्यामागची कल्पना महत्त्वाची, असं ते शिकवायचे. म्हणजे चित्र काढायचं नाही, नुसतं त्यावर बोलायचं, असा गावाचा समज! त्यांनी लिहिलेली दोन पुस्तकं गावात घरोघर होती, कारण सरांनीच ती फुकट वाटली होती. पण पंधरा वर्षांत त्यांच्या एकट्याचं प्रदर्शन कुठं भरलं नव्हतं. विद्यार्थ्यांची भरली, सरांचं नाही. हे त्यांच्या मनाला फार लागून राहिलं होतं.

आणि आता, २००१ च्या मे महिन्यात, एका बड्या गॅलरीच्या नम्रता मॅडम खुद्द धसईला येणार होत्या. काम आवडलं तर प्रदर्शन नक्की.

सरांनी कंबर कसली. आपल्याकडं पावसाआधी राब भाजतात, म्हणजे भाताचं रोप जिथं करायचं तिथं शेण, फांद्या, पाला, पेंढा रचून पेटवून देतात. सरांनी आपल्या वाट्याच्या शेतात तस्साच राब रचला, दोरी लावून, काटकोनात. फक्त तो पेटवायचा नव्हता. न पेटलेला राब, हीच तर कल्पना! चुलतभाऊ धर्माला त्यांनी तासभर बसवून ती समजावली. हा राब विस्तवाची वाट बघतोय आणि बघतच राहणार, वगैरे. धर्मानं मान डोलावली आणि घरी जाऊन बायकोला, धोंडूबाईला, एवढंच सांगितलं की कमळाकरचा राब विस्तवाची वाट बघतोय.

धोंडूबाईला दिराची दया आली. शहरात राहून बिचारा पेटवायचंही विसरला! रविवारी सकाळी तिनं वर माती पसरली, वारा बघितला आणि काडी लावली.

धूर बघून सर लुंगीवरच धावत सुटले. पोचले तेव्हा सगळा खेळ खल्लास झाला होता.

"वहिनी, काय केलंत हे?"

"तुमचंच काम केलं. सांगायचं ना सरळ, लाजताव कशाला?"

सर मटकन बांधावर बसले. तेवढ्यात मॅडमची गाडी आलीच. मग काय करतात बिचारे! लुंगी सावरून त्यांनी राखेवरच व्याख्यान सुरू केलं. अग्नी झाला, शून्य झालं, नाशातून निर्मितीही झाली. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "सर, मुरबाडपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असेच काळे चौकोन दिसले. तेही तुमचेच का?"

खोटं कशाला सांगा, "हो" अगदी सरांच्या ओठांवर आलं होतं! पण बाजूला वहिनी उभी होती. प्रदर्शन गेलंच आहे, तर निदान इज्जत तरी राहू दे, असं म्हणून त्यांनी सगळा घोळ सांगून टाकला.

मॅडम इतक्या हसल्या की त्याही बांधावर बसल्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या, तुमचं व्याख्यान राहू दे, हा घोळच आपण गॅलरीत मांडू. ही भाजलेली माती मुंबईला नेऊ, फरशीवर पसरू. धोंडूबाई, तुम्ही याल का?

"येईन की," धोंडूबाई म्हणाली. "पण पेरणार काय तिथं?"

सरांनी तोंड उघडलं. दोन पुस्तकांचा मजकूर आत तयार होता. पण नम्रता मॅडम बघत होत्या, वहिनी बघत होती, आणि सर नुसतं "भात" म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं दोघींनाही पटकन कळलं. सरांना इतका आनंद झाला की डोळे पुसायला लागले, आणि धुरानं चुरचुरतायत असं सांगावं लागलं.

"मग ठरलं," मॅडम म्हणाल्या. "जुलैत करू."

"जुलैमधी नाय जमायचं," धोंडूबाई म्हणाली. "माझी लावणी हाय."

ज्या गॅलरीच्या तारखेसाठी मोठमोठे कलावंत दोन-दोन वर्षं खेटे घालतात, तिनं मुकाट्यानं तारीख पुढं ढकलली. कॉलेजात मात्र सर अजून सांगतात, जुलै मला सोयीचा नव्हता!