डेल्विनचा गुडघा आणि गावाची माया

"दुखावलेला गुडघा आता ठणठणीत आहे. या शुक्रवारी खेळवा," असं डॉक्टरांनी लिहून दिलं. कोच ड्वेन ट्रॅमेलने तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि या शुक्रवारी डेल्विनला खेळवायचं नाही असं ठरवून टाकलं.

याला ट्रॅमेल सावधपणा म्हणत असे. मेस्किट बेंड गावातले बाकीचे लोक दुसरा शब्द वापरत, पण तो चर्चच्या आवारात उच्चारण्यासारखा नव्हता. डेल्विन पिकेट हा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा पहिला धावपटू. चेंडू काखोटीला मारायचा आणि समोरच्या अकरा धटिंगणांतून वाट काढत पळायचं, हे त्याचं काम. गेल्या हंगामात तो असा पळाला होता, की ऑक्टोबरच्या शेवटच्या सामन्याला एका विद्यापीठाचा माणूस खास त्याला बघायला येणार होता. पोरगा पसंत पडला तर चार वर्षांची फी माफ. डेल्विनची आई व्हर्ना गुरांच्या खाद्याच्या दुकानात कामाला होती. फी माफ झाली तरच पोरगा शिकणार, नाहीतर आईशेजारी उभा राहून पोती उचलणार, हे घरात दोघांनाही ठाऊक होतं.

"कोच, मी बरा आहे," डेल्विन म्हणाला.

"बरा आहेस म्हणूनच थांबायचं. पुन्हा मोडल्यावर थांबून काय उपयोग? एकच आठवडा."

दर गुरुवारी दुपारी कोचने गावातल्या हॉटेलात येऊन संघाच्या पाठीराख्यांना उद्या कोण खेळणार ते सांगायचं, अशी तिथली रीत. ट्रॅमेल उभा राहिला. "सुरुवात बदली धावपटू एमेट करेल. डेल्विन अजून नाही," एवढंच बोलून तो आपल्या सँडविचकडे वळला. हॉटेलात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर बरा म्हणतो आणि कोच खेळवत नाही? म्हणजे आत काहीतरी मोठं आहे आणि बिचाऱ्या पोरापासून लपवून ठेवलंय.

आता मेस्किट बेंडमध्ये कुणाकडे मयत, बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं, की घरोघरच्या बायका ओव्हन पेटवतात. त्या संध्याकाळी व्हर्नाच्या दारात काचेचे नऊ ट्रे आले. कुणाचा कोंबडी-नूडल्सचा, कुणाचा बटाट्याचा, वर बोटभर चीज, आणि प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. ट्रे धुऊन परत द्यायला जावं, तर मालकीण दारातच विचारणार, "कसा झाला होता रे?" पोराला खोटं बोलता येत नसे. त्यामुळे त्याला खावं लागे.

सोमवारी सरावात त्याला धाप लागली.

"बघ! सांगत होतो ना?" कोच म्हणाला.

"धापेचा गुडघ्याशी काय संबंध, कोच?"

"सगळ्याचा गुडघ्याशी संबंध असतो."

गुरुवारी हॉटेलात पुन्हा 'अजून नाही' झालं. त्या आठवड्यात चौदा ट्रे आले, शिवाय पीच फळाचं सारण भरलेले तीन गोड 'पाय'. त्याच्या पुढच्या आठवड्यात किती आले ते विचारू नका. व्हर्नाच्या फ्रिजचं दार दोरीने बांधावं लागलं. चौथ्या सोमवारी डेल्विनची जर्सी पोटावर अडकली, तेव्हा एमेट ती खाली ओढायला धावला.

"श्वास सोड की लेका!"

"सोडलाय."

कोचने त्याला काट्यावर उभं केलं. पंचवीस पौंड वाढले होते! त्याच्या डोक्यात अखेर उजेड पडला आणि तो तडक ओगलट्रीबाईंकडे गेला. ट्रेची सगळी मोहीम त्या चालवत. शिवाय तिसरीत त्यांनीच ट्रॅमेलला शिकवलं होतं, त्यामुळे त्यांच्या लेखी तो अजून तिसरीतच होता.

"बाई, ट्रे बंद करा."

"पोरगं आजारी असताना?"

"तो आजारी नाही हो!"

"मग खेळत का नाही?"

"तुमच्या ट्रेंमुळे!"

"आणि आम्ही ट्रे कशामुळे पाठवतोय? तो खेळत नाही म्हणून. ड्वेन, तू त्याला खेळव, मी ओव्हन बंद करते."

त्या शुक्रवारीच विद्यापीठाचा माणूस येणार होता. गुरुवारी हॉटेलात कोचने डोळे मिटून 'सुरुवात डेल्विन करेल' असं सांगून टाकलं. त्याच दुपारपासून ट्रे बंद झाले.

पहिल्यांदा चेंडू मिळाला, तेव्हा डेल्विन दोन पावलं पळून पडला. दुसऱ्यांदा एकच पाऊल. व्हर्नाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिसऱ्यांदा कोचने एमेटला आत धाडलं, तेव्हा डेल्विन बाहेर यायला तयार होईना.

"कोच, मला राहू द्या. पळणार नाही. नुसता एमेटच्या पुढे उभा राहतो."

नुसतं उभं राहणं कसलं! बटाटा, चीज आणि नूडल्सचा तो डोंगर पुढे सरकला आणि समोरचे दोघे दोन दिशांना गेले. एमेट त्या वाटेने शिट्टी वाजवत जावं तसा गेला. चार वेळा त्याने चेंडू शेवटच्या रेषेपार नेला आणि मेस्किट बेंड जिंकलं.

सामना संपल्यावर विद्यापीठाचा माणूस कोचला येऊन भेटला. "धावपटू आमच्याकडे ढीगभर आहेत. वाट करून देणारा असा पोरगा मिळत नाही. याला आम्ही घेतो."

व्हर्ना तिथेच कठड्याला धरून रडायला लागली.

"एकच अट," तो माणूस म्हणाला. "अजून वीस पौंड हवेत. डिसेंबरात येऊन वजन करू, मगच सही."

शनिवारी सकाळी ट्रॅमेल ओगलट्रीबाईंच्या दारात टोपी काढून उभा होता.

"बाई, डेल्विनचा गुडघा... पुन्हा जरा दुखतोय."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"किती पौंड?"

"वीस."

"थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत होतील," बाई म्हणाल्या आणि बटाटे काढायला आत गेल्या.