लेखक: शफी मास्तर, सोपारा

दामूकाकाच्या स्कूटरच्या डिकीत पाना-पक्कड नसते, हातआरसा असतो. आमच्या निर्मळ गावच्या नाक्यावर तुम्ही सहज 'खबर' म्हणालात आणि ते काकाने ऐकलं, की तुमचं काही खरं नाही. स्कूटर स्टँडवर लागते, आरसा तुमच्या तोंडासमोर येतो. "ख नाही, ख़! घशातून काढ. माशाचा काटा अडकल्यावर काढतोस तसा. बघ, जीभ कुठे जातेय?" मागे केळीचा टेम्पो हॉर्न देत उभा असतो. काका त्या ड्रायव्हरलाही 'ज़रा' म्हणायला लावतो आणि मगच वाट देतो.

काका माझा शेजारी. सोनचाफ्याची आणि केळीची वाडी, वय अडुसष्ट, आणि डोक्यात फक्त उर्दू नाटक. शिवी द्यायची तरी आधी अदब. "गुस्ताखी माफ, पण तू शुद्ध गाढव आहेस," हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो.

हे खूळ लावलं सोपाऱ्याच्या उर्दू शाळेतल्या शफी मास्तरांनी. तरुणपणी काका त्यांच्या गल्लीत फुलं द्यायला जायचा. मास्तरांच्या मेहुण्याने आखातातून व्हीसीआर आणला होता, सोबत सीमेपलीकडच्या टीव्ही-नाटकांच्या कॅसेटी. काका टोपली उंबऱ्यात ठेवून टेकला तो तीन भाग संपेपर्यंत उठलाच नाही. चाफा तिथेच सुकला.

तेव्हापासून दोघांचं एकच भांडण, तीस वर्षं चाललेलं. मास्तर म्हणायचे, उर्दू नाटक म्हणजे रंगमंच! याच मुंबईत पारशी कंपन्यांनी पडदे रंगवून ते उभं केलं, पुढच्या पोरांनी ते पथनाट्यातून रस्त्यावर नेलं, आणि तुमच्या टीव्हीच्या डब्याने त्याला सोफ्यावर बसवून रडवलं. काका उसळायचा. "स्टेज आलं होतं का माझ्या वाडीत? टीव्ही आला! तिथे बाई नुसता चहाचा कप खाली ठेवते, तरी संसार मोडला हे कळतं. तुमचा नट तेवढ्यासाठी घसा फाडतो!" हे भांडण मी डोळ्यांनी पाहिलंय. कोणीच हरायचं नाही.

मग मास्तर गेले. काकाने पासष्टाव्या वर्षी पहिलीचं पुस्तक आणून उर्दू लिपी गिरवली. कशासाठी, तर मास्तरांच्या बायकोने, भाभींनी, त्यांची एक वही जपली होती. त्यात मास्तरांचं कधीच न झालेलं नाटक होतं: दोन जुने मित्र एका खिडकीवरून अबोला धरतात, त्याची गोष्ट. काकाने ते देवनागरीत उतरवलं आणि जाहीर केलं, "यंदा मंडळाचं वार्षिक नाटक हेच!"

मी बँकेतला कारकून, मला एक मित्र केलं. दुसरा मित्र खाडीकडचा वामन. 'पानी' म्हणतो म्हणून शाळेत छड्या खाल्लेला. काका त्याला म्हणाला, "उर्दूत ण नाहीच. तू जन्मजात शायर!" वामन हरखला. "मंग बाईंनी उगाच मारलं मला!"

पण तीन अंकांचे गठ्ठे काकाने उर्दू पुस्तकासारखे बांधले, म्हणजे सुरुवात उजव्या बाजूने. आम्ही आपले डावीकडून सुटलो. आठवडाभर तालमीत मी वामनच्या दारात उभा राहून माफी मागत होतो, कशाबद्दल ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. भांडण पुढच्या आठवड्यात झालं.

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष सुधीरभाऊ आले. "काका, उर्दू तर उर्दू, करा. फक्त फलकावर लेखक म्हणून तुमचं नाव घाला. सध्याचं वातावरण बघताय ना?"

"गुस्ताखी माफ, अध्यक्ष, पण वातावरण वेधशाळेने बघावं. लेखक शफी मास्तर. ते नाव खोडायचं तर आधी मला खोडा."

"मग मंडळाचं स्टेज मिळणार नाही."

"ठेवा जपून. पापड वाळत घाला त्यावर!"

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? पण रागही आला. ज्या माणसाने उभा जन्म पोरांना अक्षरं शिकवली, त्याच्या नावाला त्याच्या मागे भ्यायचं? मी वामनला म्हटलं, "आता होऊन जाऊ दे."

रविवारी दुपारी चारला, काकाच्याच वाडीत प्रयोग लागला. केळीच्या क्रेटवर फळ्या टाकून स्टेज, काकूच्या लुगड्यांचा पडदा. फलक काकाने स्वतः रंगवला. 'लेखक: शफी मास्तर, सोपारा' ही अक्षरं वीतभर, आणि नाटकाच्या नावाला जागाच उरली नाही, ते कोपऱ्यात. राजोडी, वटारची माणसं घरून खुर्च्या घेऊन आली, सोपाऱ्याहून टेम्पो भरून आला. सुधीरभाऊ कुंपणापाशी उभे होते. "केळी बघायला आलो," म्हणाले. तीन अंक बघितली त्यांनी केळी.

तिसऱ्या अंकात मी बंद दारापुढे माफी मागितली आणि पडदा पडला. टाळ्या झाल्या, लेखकाची शाल आणि नारळ काकाने भाभींच्या हातात दिला. लोक पांगल्यावर त्या काकाजवळ आल्या. मी पडदा सोडवत होतो.

"दामूभाई, वहीत दोनच अंक होते. मला पाठ आहेत. तिसरा तुम्ही लिहिलात."

"मास्तरांचाच आहे," काका मान खाली घालून म्हणाला.

"शेवटचं वर्षभर तुम्ही आमच्या दारी आला नाहीत. ते रोज विचारायचे, दामू आला का?" एवढं बोलून, त्याच्या दंडावर हात ठेवून त्या टेम्पोत जाऊन बसल्या.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. "काका, वर्षभर अबोला? कशावरून?"

"टीव्हीवरून," काका म्हणाला. "मी म्हटलं, तुमचं स्टेज मेलं. ते म्हणाले, मग इथे कशाला येतोस? उद्या जाऊ, त्यांनी बोलवलं की जाऊ, असं करत वर्ष गेलं. मग निरोपच आला."

मला राहवेना. "निदान तिसऱ्या अंकापुढे तुझं नाव लिहू या. मी रंग आणतो."

काका फलकासमोर आडवा उभा राहिला. "हात लावशील तर याद राख! जे माझं, ते त्यांच्याच नावावर राहील. अध्यक्षाने सांगून नाही बदललं, तुझ्यासाठीही नाही बदलणार." मग तो फलकाकडे वळला. "तीस वर्षं भांडलो, एकदाही हरलो नाही. ते असताना हरायला पाहिजे होतं रे."